अजदहा मेल्यानंतर

माझे वडील एसटीत कंडक्टर होते, वसमत डेपोला. त्यांच्या जोडीला बरीच वर्षं एकच ड्रायव्हर होते. त्यांना आम्ही घरातले सगळे चाचा म्हणायचो. मुक्कामाच्या गाडीवर जेवणं झाली की चाचा गोष्टी सांगायचे, आणि सुट्टीच्या दिवशी बाबा घरी आले की त्याच गोष्टी आमच्यापर्यंत यायच्या. अजदहा हा शब्द मला असा मिळाला. शाळेच्या पुस्तकात तो कुठे नव्हता. साप म्हणावं तर त्याला पाय होते, मगर म्हणावी तर तो आग ओकायचा. चाचांच्या दखनीतून बाबांच्या बोलीत येता येता तो आमच्या पूर्णेच्या काठी येऊन राहिला होता. उन्हाळ्यात नदी आटते ती तो पाणी पिऊन टाकतो म्हणून, हे वस्तीतल्या सगळ्या लेकरांना पक्कं ठाऊक होतं.

राजाच्या मुलाने अजदहा मारला की चाचांची गोष्ट संपायची. बाबांची तिथून सुरू व्हायची.

"अजदहा मेला," बाबा म्हणायचे. "बरं झालं. पण पडला कुठं? वाटेवरच पडला ना. इकडं शेपूट, तिकडं मुंडकं, मधी सगळं गाव. राजाचा पोरगा गेला घोड्यावर बसून लग्नाला. दुसऱ्या दिवशी ऊन चढलं. मग?"

"वास सुटला!" आम्ही ओरडायचो.

"मग राजाचा शिपाई आला आपल्या वस्तीवर. म्हणला, चला, उचला. आपला म्हातारा म्हणला, मारला कोणी? शिपाई म्हणला, राजाच्या पोरानं. म्हातारा म्हणला, मग ज्यानं मारला त्यानंच उचलावा की."

याच्या पुढे काय झालं ते बाबा दर वेळी वेगळं सांगायचे. कधी राजाच्या पोराला हळदीच्या अंगाने परत यावं लागायचं आणि नाकाला फडकं बांधून तो अजदहाची शेपटी ओढत बसायचा. कधी कोणीच उचलायचं नाही, आणि नदीच त्याला वळसा घालून जायची. आमच्या गावाच्या खालच्या अंगाला नदीला जे वळण आहे ते त्यामुळेच, असं ते बोट करून दाखवायचे. आम्ही हसून हसून लोळायचो. राजाचा मुलगा फडकं बांधून ओढतोय, यात एवढं हसण्यासारखं काय आहे ते तेव्हा कळत नव्हतं. बाबा हसतात म्हणून आम्ही हसायचो.

कळलं ते मी मास्तरीण झाल्यावर. नेमणुकीचा कागद घ्यायला आम्ही दोघं हिंगोलीला चाललो होतो. बाबा नुकतेच रिटायर झाले होते आणि आपल्याच डेपोच्या गाडीत प्रवासी म्हणून बसल्यामुळे जरा अवघडले होते. गाडीने औंढा सोडलं आणि खिडकीतून बाहेर बघत ते एकदम सांगायला लागले. माझ्या आजोबांच्या तरुणपणी आमच्या लोकांनी धम्म घेतला आणि मेलेली ढोरं ओढायचं बंद केलं. त्यानंतर गावातल्या एका मोठ्या घरचा बैल मेला. निरोप आला. आजोबा दारात बसून राहिले, गेले नाहीत. दुसरा निरोप आला, तिसरा आला. बैल गोठ्यात तीन दिवस पडून होता. "मग त्यांनीच नेला," बाबा म्हणाले. "नाकाला फडकं बांधून. मी बाभळीवर चढून बघितलं. सात-आठ वर्षांचा असेन."

"मग?"

"मग काय. वर्षभर कोणी कामाला बोलावलं न्हाई. विहिरीवरून, वाटेवरून तकलीफ. आईनं अंबाडीच्या पाल्यावर दिवस काढले."

हे त्यांनी मला एवढं एकदाच सांगितलं. मी पुढे विचारलं असतं, पण तेवढ्यात कंडक्टर आला, बाबांना ओळखून पाया पडला आणि बोलणं दुसरीकडे गेलं.

पुढे माझी बदली आमच्याच गावच्या शाळेत झाली. आई तोवर गेली होती. माझे मालक हिंगोलीला नोकरीला, आठवड्याला येऊन जाऊन. मी बाबांजवळ वस्तीतल्या घरात राहायला आले. शाळा सुटली की बाबा वर्गाच्या पायरीवर येऊन बसायचे आणि माझ्या पहिली-दुसरीच्या लेकरांना अजदहाची गोष्ट सांगायचे. त्यात गावातली लेकरंही असायची, वस्तीतलीही. शिपाई वस्तीवर येतो त्या ठिकाणी बाबांचा आवाज जरा बदलायचा. लेकरांना ते कळत नव्हतं, मला कळायचं.

दीड वर्षापूर्वी एका सकाळी बाबांच्या हातातून तांब्या पडला. मी धावत गेले तर ते भिंतीला टेकून बसलेले, तोंड एका बाजूला ओढलेलं. नांदेडला नेलं. वाचले. उजवा हात आणि उजवा पाय गेला. आणि बोलणं गेलं.

म्हणजे सगळं गेलं असं नाही. एक शब्द राहिला, "व्हय". डॉक्टर म्हणाले की असं होतं. कोणाला शिवी राहते, कोणाला देवाचं नाव, यांना हे राहिलंय. समजतं सगळं, पण सांगायला गेलं की तोच एक शब्द बाहेर पडतो. पाणी पाहिजे तरी व्हय, नको असलं तरी व्हय. जेवण झालं का, व्हय. अजून भूक आहे का, व्हय. मी पहिलीची चित्रांची कार्डं घरी आणली. तांब्या, भाकरी, पांघरूण, संडास. बोट ठेवा म्हटलं. बाबांनी डाव्या हाताने सगळी कार्डं जमिनीवर लोटून दिली आणि तोंड फिरवलं. ज्या माणसाने भरल्या गाडीत शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जाईल असा आवाज देत तिकिटं फाडली, त्याच्यापुढे मी भाकरीचं चित्र धरत होते. नंतर मी ती कार्डं परत काढली नाहीत.

हळूहळू मी त्यांचे व्हय ओळखायला शिकले. डोळे बारीक करून म्हणाले की ते नाही असतं. मान थोडी खाली गेली की ते होय. निदान मला तसं वाटायचं.

यंदा हळद शिजवायचे दिवस होते. गावात सगळीकडे कढया चढलेल्या, हवेला तो ओला मातकट वास. शाळा सकाळची होती. साडेअकराला मी घरी येऊन बाबांना भरवायला बसले, तर माझ्या चुलतभावाचा फोन आला. हा माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. चुलते लवकर गेले म्हणून आमच्याच घरी वाढला. सरपंचांचा ट्रॅक्टर चालवतो.

"ताई, नदीवर या. लवकर. अजदहा निघाला."

मला वाटलं मस्करी करतोय. पण त्याचा आवाज मस्करीचा नव्हता.

सरपंचांचं शेत नदीच्या वळणावर आहे. काठाचा गाळ शेतात टाकायला जेसीबी लावला होता आणि माणूस बुडेल एवढ्या खोलीवर बादली कशाला तरी अडली. मी गेले तेव्हा वीस-पंचवीस लोक काठावर उभे होते. खाली मातीच्या भिंतीतून एक पांढुरकं, वाकलेलं, माझ्या मांडीएवढं जाड काहीतरी बाहेर आलेलं होतं. जेवढं दिसत होतं तेवढंच बैलगाडीच्या जुवाएवढं लांब. त्याच्या खाली बरगड्यांसारखे तुकडे ओळीने. आणि बाजूला मातीत एक दात. दात म्हणजे जात्याच्या पाळीएवढा दगड, वर नांगरलेल्या रानासारख्या रेघा. मी खाली उतरून त्याला हात लावला. गार होता. लहानपणी ज्या गोष्टीला हसत होते ती बोटांखाली होती.

हा अजदहा नाही हे मला कळत होतं. मी शिक्षिका आहे. ओळखीतून एका कॉलेजच्या प्राध्यापकांचा नंबर मिळवला आणि फोटो पाठवले. पाच मिनिटांत त्यांचा फोन. हत्तीच्या जातीचा फार जुना प्राणी दिसतो आहे, ते म्हणाले. तो वाकडा भाग म्हणजे सुळा. आवाजावरून ते उभे राहूनच बोलत असावेत. "मॅडम, कोणाला हात लावू देऊ नका. पाणी बिलकुल लागू देऊ नका. इतकी वर्षं मातीत राहिलेलं हाड उन्हात आलं की फुटतं. ओल्या वाळूने... नको, कोरड्या मातीनेच झाकून ठेवा. आमच्या परीक्षा चालू आहेत. पंधरा दिवसांत येतो."

मी सरपंचांना सांगितलं. सरपंच चांगला बोलणारा माणूस आहे. वयाने माझ्याएवढाच. "बराबर आहे मॅडम," तो म्हणाला. "गावाचं नाव होईल. झाकून ठेवू." चुलतभावाने आणि मी मिळून फावड्याने माती ओढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माती बाजूला केलेली होती आणि सुळ्यावर हळदकुंकू होतं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मला नीट सांगता येणार नाही, कारण मी काहीच केलं नाही असंच आठवतं. खरं तर रोज काहीतरी करत होते. शाळा सुटली की नदीवर जायचे. लोकांना सांगायचे, हे हाड आहे, जुन्या प्राण्याचं आहे, त्यावर दूध ओतू नका. कोणी म्हणायचं राक्षस आहे, कोणी म्हणायचं शेषाचा भाऊ. शेजारच्या गावांतून गाड्या यायला लागल्या. एका म्हातारीने बरगडीचा तुकडा पदरात बांधला, नातवाला फिट येते म्हणून. मी तिला अडवलं तर ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुला लेकरू आहे का बाई?" मला नाही. मी बाजूला झाले. दोन माणसं गुडघ्याला लावायला पूड करून घेऊन गेली. प्राध्यापकांनी सांगितलं होतं तसंच होत होतं. पहिल्या दिवशी दगडासारखं टणक वाटलेलं हाड उन्हाने तडकत होतं, दुधाने भिजत होतं आणि पुन्हा वाळून त्याचे पापुद्रे सुटत होते. मी प्राध्यापकांना रोज फोटो पाठवायचे. ते रोज लिहायचे, "अरेरे." एकदा लिहिलं, "स्थानिक प्रशासनाला लेखी कळवा."

मी अर्ज लिहिला, बसने गेले, एका ऑफिसात दिला. तिथल्या माणसाने तो दोनदा वाचला. "हे आमच्याकडं येत न्हाई मॅडम," तो म्हणाला. "पण तुमी इतक्या लांबून आलात तर पोच देतो." शिक्का मारलेला कागद घेऊन मी परतीच्या गाडीत बसले आणि घर येईपर्यंत मला खरंच बरं वाटत होतं, जणू काही झालंय.

एका रविवारी बाबांना रिक्षात बसवून नदीवर नेलं. का नेलं? त्यांची गोष्ट आहे, त्यांनी बघायला पाहिजे, एवढंच डोक्यात होतं. चुलतभावाने त्यांना पाठीवर घेऊन खाली उतरवलं आणि सुळ्याजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. बाबांनी डावा हात पुढे केला आणि त्या दातावर ठेवला. मग त्यांना रडू आलं. आजारपणानंतर त्यांना कशानेही रडू येतं, जाहिरात बघूनसुद्धा. त्यामुळे ते कशाचं रडू होतं ते मला कळेना. "व्हय," ते म्हणाले. "व्हय, व्हय, व्हय." बाजूच्या बायांना वाटलं म्हाताऱ्याला साक्षात्कार झाला. एक बाई पुढे झाली आणि तिने बाबांच्या कपाळाला भंडारा लावला, भरपूर, नाकापर्यंत.

माझ्या वडिलांनी आयुष्यात कपाळाला काही लावून घेतलं नव्हतं. एसटीत असताना दसऱ्याला गाडीची पूजा व्हायची, तेव्हा ते मुद्दाम पाणी प्यायला जायचे. त्यांचा उजवा हात मांडीवर निपचित पडलेला होता आणि डावा माझ्या हातात होता. तो त्यांनी सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. मला ते जाणवलं, आणि मी तो धरून ठेवला. आजूबाजूला चाळीसेक माणसं होती. आता त्यांनी तो भंडारा सगळ्यांसमोर पुसला तर काय होईल, एवढंच माझ्या मनात आलं. रिक्षात बसल्यावर मी पदराने त्यांचं कपाळ पुसलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. घरापर्यंत ते बाहेर बघत होते.

मग गावात वाईट व्हायला लागलं, किंवा जे होतं ते लोक याच्याशी जोडायला लागले. जेसीबीवाला तापाने पडला. पूड पोटात घेतलेल्या एका माणसाला उलट्या लागल्या. सरपंचांची दुभती म्हैस दगावली. पलीकडच्या गावच्या एका जाणत्याला बोलावलं. त्याने सांगितलं, याला उघड्यावर ठेवू नका, खोल पाण्यात सोडा, अमावास्येच्या आत.

आणि सरपंच आमच्या घरी आला.

तो या आधी आमच्या घरी कधी आला नव्हता. चप्पल बाहेर काढून आत आला, बाबांच्या खाटेसमोर खुर्चीवर बसला, मी दिलेला चहा प्यायला. हे सगळं त्याने अगदी नीट केलं.

"कंडक्टरसाहेब," तो म्हणाला, "तुमी वस्तीतले मोठे. तुमाला विचारल्याबगर मी काही करणार न्हाई. ते नदीवरचं उचलून डोहात टाकायचंय. जाणत्यानं सांगितलं, ते मेलेलं आहे, आमच्या लोकांनी हात लावला तर बाधतं. तुमच्या लोकांना बाधत न्हाई. आता हे मी म्हणून राहिलो न्हाई, त्यानं सांगितलं. माझा असल्या गोष्टीवर विश्वास न्हाई. पण गाव घाबरलंय. चार पोरं दिली की तासाभराचं काम आहे."

बाबांचे डोळे त्याच्यावर होते. डावा हात खाटेची पट्टी घट्ट धरून होता.

"व्हय," बाबा म्हणाले.

"बघा," सरपंच माझ्याकडे बघून हसला. "मोठ्या मनाचा माणूस."

"ते न्हाई म्हणतायत," मी म्हणाले.

"मॅडम, ते व्हय म्हणले. तुमच्यासमोर म्हणले."

"त्यांना तेवढाच शब्द येतो. बाबा, तुम्ही न्हाई म्हणताय ना?"

"व्हय," बाबा म्हणाले. आवाज चढला होता. "व्हय! व्हय! व्हय!" त्यांची मान थरथरत होती, ओठांच्या कडेने लाळ आली. ते उठायला बघत होते. मी त्यांना धरलं.

"असू द्या, असू द्या," सरपंच उठला. त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "त्यांना तरास देऊ नका. मी तुमच्या भावाशी बोलतो."

त्याने भावाशी आधीच बोलून ठेवलं होतं.

जातीवरून असं काम कोणावर लादता येत नाही, हा कायदा मला ठाऊक आहे. शाळेत मोठ्या वर्गांना मी तो शिकवते. तक्रार करायची म्हटलं तर काय लिहायचं होतं? सरपंच घरी आला, चहा प्यायला, बाबांना विचारलं, बाबा व्हय म्हणाले. चुलतभाऊ स्वतःहून तयार झाला. साक्षीला कोण येणार, तर तोच. मी त्याला गाठलं, ट्रॅक्टर धूत होता.

"तुला काका काय सांगायचे ते आठवतं ना?"

"सगळं आठवतं."

"मग काहून चाललास?"

त्याने पाण्याचा पाइप खाली ठेवला. "ताई, मी न्हाई म्हणलो तर उद्या ह्या ट्रॅक्टरवर दुसरा बसतो. मग मी कुठं जाऊ? तुमाला नोकरी आहे. आज्यानं न्हाई म्हणलं, बराबर केलं. पण आजी पाला खाऊन राहिली, ते बी काकानंच सांगितलं मला." मग पाइप परत उचलत म्हणाला, "आन ते हाडच आहे ना ताई? तुमीच म्हणता हत्तीचं हाड आहे. मग हाड उचलायला काय झालं?"

त्याचं खरं होतं. आठवडाभर मीच गावभर सांगत फिरत होते की हे फक्त हाड आहे.

मी प्राध्यापकांना फोन लावला. त्यांनी उचलला नाही. संदेश पाठवला की उद्या हे सगळं पाण्यात जाणार आहे. उत्तर आलं, मीटिंगमध्ये आहे, कृपया थोपवून धरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्गावर होते. ट्रॅक्टरचा आवाज मला ओळखू येतो. फळ्यावर हातचा घेऊन वजाबाकी चालली होती. मी हेडमास्तरांना सांगून नदीकडे गेले. ते मागून म्हणाले, "मॅडम, आपण शिक्षक आहोत, जरा सांभाळून." मी सांभाळूनच गेले. काठावर जाऊन उभी राहिले, एवढंच.

वस्तीतली चार पोरं होती. नाकातोंडाला रुमाल बांधलेले. काठावर उभ्या असलेल्या बायांनी पदर नाकाला लावले होते. पुरुषांनी उपरणी. मी वास घेऊन बघितला. कशाचाही वास नव्हता. नदीच्या चिखलाचा आणि लांबून येणाऱ्या शिजत्या हळदीचा, बाकी काही नाही. हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या जनावराला कसला वास येणार? तरी सगळं गाव नाक धरून उभं होतं, आणि ते चौघंही.

सुळा उचलताना त्याचे तीन तुकडे झाले. बरगड्या तर फावड्यानेच भरल्या. दात मात्र आख्खा राहिला. माझ्या भावाने तो दोन्ही हातांनी पोटाशी धरून उचलला आणि ट्रॉलीत अलगद ठेवला. फेकला नाही. मला वाटलं त्याने माझ्याकडे बघितलं, पण रुमालामुळे मला त्याचा चेहरा दिसत नव्हता. ट्रॅक्टर वळणापुढच्या डोहापर्यंत गेला. तिथे त्यांनी सगळं ढकलून दिलं. पाण्याचा आवाज मला ऐकू आला. मग कोणीतरी त्यांना सांगितलं की आता इथेच अंघोळ करा आणि गावातून न जाता मागच्या वाटेने वस्तीत जा. त्यांनी अंघोळ केली आणि मागच्या वाटेने गेले.

मी शाळेत परत आले. लेकरांनी वजाबाकी करून ठेवली होती.

दुपारी बाबांना भरवताना मी सांगितलं. "बाबा, नेलं ते. आपल्या पोरांनी नेलं."

"व्हय," ते म्हणाले.

"तुम्ही त्या दिवशी त्यांना न्हाई म्हणत होता ना?"

"व्हय."

"का खरंच व्हय म्हणत होता? जाऊ द्या, कशाला पोराच्या पोटावर पाय, असं म्हणत होता?"

"व्हय."

मी त्यांचे डोळे बघत राहिले, मान बघत राहिले. बारीक झाले का, खाली गेली का. मला काही कळलं नाही. दीड वर्ष मी जे ओळखत आले ते खरंच ओळखत होते की माझ्या सोयीने ठरवत होते, तेही कळेना. मी घास पुढे केला आणि त्यांनी तोंड उघडलं.

तीन आठवड्यांनी प्राध्यापक आले. बरोबर संशोधन करणारी एक मुलगी. परीक्षांमुळे उशीर झाला म्हणून त्यांनी दोनदा माफी मागितली, आणि ती मनापासून होती. दोघांनी खड्ड्यात उतरून चाळणीने माती चाळली. मुलीला नखाएवढे काही तुकडे मिळाले, ते तिने कापसात गुंडाळून डबीत ठेवले. मग आम्ही डोहाकडे गेलो. पाणी हिरवं होतं आणि खाली किती गाळ आहे ते कोणालाच माहीत नव्हतं. पावसाळ्यात इथून पूर येतो, मी सांगितलं. प्राध्यापकांनी चष्मा काढून डोळे पुसले. "इतकं चांगलं क्वचित मिळतं," ते म्हणाले. "उचललं कोणी?"

माझा भाऊ तिथेच उभा होता. त्यांना डोह दाखवायला मीच त्याला बोलावलं होतं.

"आमी," तो म्हणाला.

प्राध्यापकांनी त्याच्याकडे बघितलं. ते रागावले नव्हते, पण त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी वाचू शकत होते. अडाणी पोरं. काय बोलणार यांना. मला सांगायचं होतं की साहेब, तसं नाही, थांबा, हे माझ्या आजोबांपासून सांगावं लागेल. गोठ्यातला बैल, बाभळीवर चढलेलं पोरगं, बाबांची गोष्ट, सगळं. पण त्यांची गाडी चालू होती आणि उन्हं डोक्यावर आली होती. मी म्हणाले, "जेवून जा." ते म्हणाले, "पुन्हा कधीतरी."

भाऊ अजून तोच ट्रॅक्टर चालवतो. आम्ही त्या दिवसाबद्दल बोलत नाही. दर शनिवारी सकाळी तो बाबांची दाढी करायला येतो. आजारपणापासून त्याने हे काम स्वतःकडे घेतलं आहे आणि मला करू देत नाही. अंगणात खुर्ची टाकतो, गळ्याला टॉवेल बांधतो, साबण फेसाळतो.

"काका, गाल फुगवा," तो म्हणतो.

बाबा गाल फुगवतात. एकच फुगतो. दुसरा तो आपल्या बोटाने आतून ताणून धरतो आणि सावकाश वस्तरा फिरवतो.